अंबाजोगाईमार्गे अंतराळात

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. मार्चअखेरीस ‘रामायण’ सुरू झालं होतं आणि सगळीकडे चर्चा त्याचीच होती. बीड जिल्ह्यातल्या तिशी-पस्तिशीच्या माणसांना मात्र ‘शक्तिमान’ची बातमी जास्त जवळची वाटली. त्याच महिन्यात जिल्ह्यातले हजारो ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या तळावर अडकले होते. राज्यभरातल्या अशा १ लाख ३१ हजार कामगारांना गावी जायची परवानगी एप्रिलच्या मध्यावर मिळाली. म्हणजे मालिका परतली तेव्हा शिरूर कासार, धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतल्या कितीतरी घरांना कुलूप होतं.

पहिल्या वेळीही तसंच होतं. ‘शक्तिमान’ १९९७ पासून २००५ पर्यंत चालली. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली कुटुंबं गाड्या जुंपून निघत आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे जवळपास सहा महिने, गावात फक्त म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली काही पोरं उरत. आईबापाबरोबर कारखान्याच्या तळावर, कोपीवर गेलेल्या पोरांचे मधले सगळे भाग हुकत. चैत्र-वैशाखात ती परतली की गावात राहिलेल्या पोरांनी त्यांना सगळं सांगायचं: खलनायक किल्विषने काय केलं, त्याच्या बाजूच्या डॉक्टर जैकालने नवीन काय बनवलं, गंगाधर म्हणजेच शक्तिमान हे पत्रकार गीता विश्वासला कळलं की नाही. सांगणारा स्वतःच्या पदरचंही घाली. बीडमध्ये ही मालिका निम्मी पाहिली गेली आणि निम्मी ऐकली गेली. इथल्या जुन्या आठवणींबद्दल बोलायचं तर हे आधी लक्षात घ्यायला हवं, कारण मुंबई-पुण्याच्या आठवणींत हे येत नाही.

हे सगळं जिल्ह्यात पोचलं कसं, ती हकिकत मला मालिकांइतकीच रंजक वाटते. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ या अंतराळयानातून आपला इन्सॅट-१ बी उपग्रह सोडला गेला. त्याच्या आधीचा इन्सॅट-१ ए काही महिन्यांतच निकामी झाला होता, त्यामुळे सगळी भिस्त या दुसऱ्यावर होती. तो चालला. दिल्लीहून वर गेलेला कार्यक्रम उपग्रह देशभर खाली पाठवायचा, गावोगावची केंद्रं तो पकडून आसपासच्या अँटेनांना द्यायची. १९८४ च्या सुमारास देशात ही केंद्रं धडाक्याने उभी राहत होती. आपल्या जिल्ह्यात हे काम अंबाजोगाईच्या केंद्राने केलं. मुकुंदराज आणि दासोपंतांचं हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेवर उंचावर वसलेलं, म्हणजे प्रक्षेपणाला सोयीचं. पडद्यावर अंतराळयान दिसायचं ते खरोखरच अंतराळातून फिरून आलेलं असायचं, आणि पाहणाऱ्याला त्याची गंधवार्ता नसायची.

घरी मात्र कसरत होती. छपरावर अँटेना, तिला बूस्टर, पडद्यावर मुंग्या आल्या की एकाने वर चढून नळी फिरवायची आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडायचं. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेल्या जिल्ह्यात ऐन वेळी लाईट जायची, मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. गल्लीत एका घरी टीव्ही असे आणि रविवारी त्या घराची बैठक गल्लीची होई.

विज्ञानकथेची पहिली ओळख बहुतेकांना परक्या मालिकांनी करून दिली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागे. मूळची अमेरिकेतली १९६६ ते १९६९ ची, एकूण ७९ भागांची मालिका, आणि संवाद इंग्रजीत. टोकदार कानांचा स्पॉक काय म्हणतो ते कळत नसे. पण माणसं एका जागी उभी राहून विरघळतात आणि दुसऱ्या ग्रहावर उमटतात, हे कळायला भाषा लागत नव्हती. त्यानंतर आपलं देशी ‘स्पेस सिटी सिग्मा’ आलं. त्यात कॅप्टन तारा होता, झखाकू नावाचा खलनायक होता. लुकलुकणारे दिवे आणि पुठ्ठ्याच्या भिंती आज पाहिल्या तर डोळ्यांत भरतात. तेव्हा कुणाला त्या पुठ्ठ्याच्या वाटल्या नाहीत.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत मोलाची मालिका ‘इंद्रधनुष’. १९८९ ची, आनंद महेंद्रू यांनी दिग्दर्शित केलेली. गिरीश कार्नाड तिच्यात होते आणि पुढे मोठा दिग्दर्शक झालेला करण जोहर शाळकरी मुलाच्या भूमिकेत होता. गोष्ट अशी की मुलं स्वतः संगणक जोडतात, परग्रहाशी त्याचा संबंध येतो आणि तिथून काळाचा प्रवास सुरू होतो. १९८९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या किती शाळकरी मुलांनी संगणक डोळ्यांनी पाहिला असेल? पडद्यावर तो मुलांच्याच हातात होता. त्यांनी तो बाजारातून आणला नाही, सुटे भाग जुळवून बनवला. रेडिओ उघडून परत जोडता येतो हे ज्या पोराला माहीत होतं, त्याला ही गोष्ट आवाक्यातली वाटली. विज्ञानकथा शाळकरी पोराला याहून जास्त काय देणार?

‘कॅप्टन व्योम’ १९९८ ची. केतन मेहतांची निर्मिती, गोष्ट २१२३ सालची, पळालेल्या गुन्हेगारांना एकेक करून पकडणारा नायक मिलिंद सोमण. संगणकावर तयार केलेली दृश्यं आपल्या टीव्हीवर इतक्या प्रमाणात तोवर फारशी आली नव्हती. तरी गावाकडे ‘शक्तिमान’ची पकड तिच्यापेक्षा घट्ट राहिली. व्योम भविष्यातला होता, गंगाधर आपल्या ओळखीचा. दात पुढे आलेला, वर्तमानपत्रासाठी फोटो काढणारा, कुणीही हसावं असा. कुंडलिनी आणि पंचमहाभूतांतून शक्ती मिळवणाऱ्या नायकाला काटेकोर समीक्षक विज्ञानकथेत धरणार नाहीत. समोर प्रयोगशाळेत राक्षसी यंत्रं बनवणारा शास्त्रज्ञ असल्यामुळे मी धरतो. भागाच्या शेवटी शक्तिमानचं काम करणारे मुकेश खन्ना मुलांशी थेट बोलत, दात घासा, रस्ता नीट ओलांडा. आणि घरच्यांपेक्षा त्यांचं ऐकलं जाई.

आता या मालिका परत आणण्याची चर्चा सतत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने ‘शक्तिमान’वर चित्रपट काढण्याची घोषणा केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द मुकेश खन्नांनी पुनरागमनाची झलक प्रसिद्ध केली. ‘कॅप्टन व्योम’ परत आणण्याच्याही घोषणा झाल्या. घोषणांच्या प्रत्येक खेपेला चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते, नायक कोण होणार. माझ्या लेखी तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, लिहिणार कोण?

ब्रिटनमधलं उदाहरण पाहू. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये परत आली ती दणक्यात. परत आणणारा लेखक रसेल टी. डेव्हिस लहानपणी ती मालिका पाहत वाढलेला. तिच्यात जपायचं काय आणि टाकायचं काय, हे त्याला आतून ठाऊक होतं. अमेरिकेत १९७८ ची ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ २००३ मध्ये नव्याने आली, तेव्हा तिने जुन्या गोष्टीचा सांगाडा तेवढा ठेवला आणि युद्ध, निर्वासित, सत्ता हे आपल्या काळाचे प्रश्न त्यात भरले. दोन्हीकडे तांत्रिक करामती सुधारल्या हे खरं, पण मालिका उभी राहिली लेखणीवर.

‘डॉक्टर हू’ची दुसरी बाजूही सांगायला हवी. बीबीसीने त्या काळात टेप महाग म्हणून जुने भाग पुसून टाकले. शंभराच्या आसपास भागांची चित्रफीत नाहीशी झाली. २०१३ मध्ये त्यातले नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरात, एका प्रक्षेपण केंद्रात सापडले. आणि हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शाबूत आहे, कारण घराघरांतल्या मुलांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो उतरवून घेतला होता.

दूरदर्शनकडेही टेप पुन्हा वापरण्याची पद्धत होती आणि बऱ्याच जुन्या कार्यक्रमांचा त्यात बळी गेला. आता प्रसार भारतीने जुना ठेवा यूट्यूबवर आणला आहे, १३ एप्रिल २०२० पासून डीडी रेट्रो वाहिनी काढली, २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात ‘वेव्हज’ हा मंच सुरू केला. चांगली कामं आहेत. पण दुसरीकडे छपरावरच्या अँटेनाचा काळ सरकारी निर्णयानेच संपला. जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं, सामरिक महत्त्वाची सुमारे ५० सोडून, ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केलं. ज्या यंत्रणेने अंबाजोगाईवरून या मालिका वाटल्या, तिचा इतिहास कुणी लिहून ठेवला आहे का? तिथे काम केलेले अभियंते आणि तंत्रज्ञ अजून आपल्यात आहेत. त्यांच्या मुलाखती आजच घ्यायला हव्यात. बीड, माजलगाव, गेवराईच्या लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे नव्वदीपासूनच्या कॅसेट्स पडून आहेत. उरलेल्या टेपवर रविवारचा कार्यक्रम भरून घेण्याची सवय तेव्हा बऱ्याच घरांत होती. बुरशी चढण्याआधी त्या एकदा तपासाव्यात. जोसला सापडू शकतं तर केजला का नाही?

लेखणीचा प्रश्न मात्र मराठीने कधीच सोडवलेला आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. १९७४ मध्ये तिच्याकडे नारायण विनायक जगताप नावाच्या कुणाची ‘कृष्णविवर’ ही कथा आली. आद्याक्षरं उलटी वाचली की लेखक कळतो: जयंत विष्णू नारळीकर. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून या लेखनाची दखल घेतली. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या मागे ‘प्रेषित’ आहे, ‘वामन परत न आला’ आहे. लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ आहे. बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण मांडे यांच्या कथा आहेत. यांतल्या किती तरी ‘नवल’, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांच्या परंपरेत वाढल्या. पण ‘फास्टर फेणे’ला दूरदर्शनच्या मालिकेनंतर २०१७ मध्ये चित्रपट मिळाला, तशी संधी विज्ञानकथेच्या वाट्याला फारशी आली नाही.

मला विचारलं तर सुरुवात ‘वामन परत न आला’पासून करावी. जमिनीखाली सापडलेली, जुन्या प्रगत संस्कृतीने पुरून ठेवलेली पेटी, तिच्यातल्या माहितीवरून बनवलेला यंत्रमानव, आणि त्याने माणसाची जागा घेण्याचा धोका. ही कथा १९८० च्या दशकातली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज जी भांडणं चालली आहेत ती तिच्यात जवळपास सगळी आहेत. खोदकामाची जागा बालाघाटावर घ्यावी, पात्रांना मराठवाडी बोलू द्यावं. आठ-दहा भाग पुरेत, खर्चिक करामती फारशा लागणार नाहीत. आणि मालिका मोबाईलवर कधीही बघता येणारी असावी, म्हणजे कारखान्याच्या तळावरच्या पोरांचे भाग हुकणार नाहीत.