लोणचं, ध्वनिफीत आणि उपग्रहचित्रं

5 जानेवारी 2009 रोजी भारताने पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या हाती 69 पानांचा दस्तऐवज ठेवला. मुंबईवरचा 26/11चा हल्ला होऊन सहा आठवडेही झाले नव्हते. हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे सूत्रधार यांच्यातल्या फोनवरच्या बोलण्याचे उतारे त्यात होते, जीपीएस यंत्रातल्या नोंदी होत्या आणि पाकिस्तानी बनावटीच्या लोणच्याचे, टूथपेस्टचे पुरावेही होते.

चोरून ऐकलेलं बोलणं कोणतीही गुप्तचर यंत्रणा सहसा बाहेर काढत नाही. ते छापलं की आपले कान कुठे आहेत हे शत्रूला कळतं आणि पुढच्या खेपेला तो वाट बदलतो. तरीही भारताने ही माहिती इतर देशांच्या राजदूतांनाही दिली आणि दोन दिवसांत ती वर्तमानपत्रात आली. कारण समोर पाकिस्तानची सरसकट नाकबुली होती. जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब पाकिस्तानीच आहे, असं तिथले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी 7 जानेवारीला बोलून गेले आणि पंतप्रधान गिलानींनी त्यांना लगोलग घरी पाठवलं! 12 फेब्रुवारीला मात्र तिथलं गृहखातं सांभाळणारे रहमान मलिक यांनी कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजल्याचं मान्य केलं.

26/11 घडवणाऱ्या 'लष्कर-ए-तोयबा'चं नाव घाटकोपरकरांना त्याआधीच ठाऊक होतं. 28 जुलै 2003 रोजी एलबीएस मार्गावर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला, त्या खटल्यात सरकारी पक्षाने याच संघटनेकडे बोट दाखवलं होतं.

'लष्कर' ही काही पगारी लढवय्यांची कंपनी नव्हे. रशियाची 'वॅग्नर' होती. पण पाठीराख्या सरकारची सोय दोन्हीकडे सारखीच: माणसं आपली नाहीत म्हणून हात झटकता येतात. ती सोय मोडायला अमेरिकेनेही गुप्त माहिती उघड करण्याचा हाच मार्ग धरला. मे 2020 मध्ये तिच्या आफ्रिका कमांडने रशियन लढाऊ विमानांची छायाचित्रं प्रसिद्ध केली. सीरियात रंग बदलून ही विमानं लिबियात, वॅग्नरच्या मदतीला गेली, असा आरोप होता. 20 जानेवारी 2023 रोजी व्हाइट हाउसच्या जॉन किर्बी यांनी रशिया आणि उत्तर कोरिया यांच्यातल्या मालगाडीची उपग्रहचित्रं दाखवली. वॅग्नरसाठी शस्त्रं आणणारी हीच ती गाडी, असं त्यांनी सांगितलं. आठवड्याच्या आत वॅग्नरवर नवे निर्बंध आले.

अर्थात, गुप्ततेचा शिक्का काढला म्हणून माहिती खरी ठरत नाही. फेब्रुवारी 2003 मध्ये कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकविरुद्ध अशीच चित्रं आणि फिती मांडल्या होत्या. इराककडे असल्याचं सांगितलेली सामूहिक संहाराची अस्त्रं कधी सापडलीच नाहीत. मुंबईच्या पुराव्याचं बळ वेगळं होतं. लोणच्यावरचं लेबल कुणालाही वाचता येत होतं आणि एक हल्लेखोर जिवंत कोठडीत होता.

28 ऑक्टोबर 2022 रोजी, 26/11ला हल्ला झालेल्या मुंबईच्या ताज हॉटेलमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक झाली. तिथे भारताने नरिमन हाउसमधल्या हल्लेखोरांना हुकूम देणारा 'लष्कर'च्या साजिद मीरचा आवाज ऐकवला. पुढे जून 2023 मध्ये त्याला जागतिक दहशतवादी ठरवण्याचा प्रस्ताव चीनने रोखला, तेव्हा भारतीय प्रतिनिधीने तीच फीत न्यूयॉर्कला पुन्हा लावली.