भुशी डॅम ‘ओव्हरफ्लो’ झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

पावसाळ्यात लोणावळ्याहून एक बातमी हमखास येते: भुशी डॅम ओव्हरफ्लो झाला! ‘ओव्हरफ्लो’ हे इंग्रजी क्रियापद. अर्थ, काठोकाठ भरून बाहेर वाहणं. मराठीत आपण त्याला ‘होणं’ जोडतो. बुकिंग आपण कॅन्सल ‘करतो’. टाकी किंवा धरण मात्र ओव्हरफ्लो ‘होतं’. मावळातल्याच पवना धरणाचे दरवाजे उघडून पाणी ‘सोडतात’, तो विसर्ग. भुशीच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी पावसाच्या मर्जीवर असतं. धरणामागच्या धबधब्याचंही तेच. डोंगरात पावसाचा जोर वाढला की प्रवाह अचानक फुगतो. ३० जून २०२४ रोजी याच धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. म्हणून ‘ओव्हरफ्लो झाला’ वाचून निघण्याआधी पावसाचा इशाराही वाचा.