भूगोलाचा तास, विज्ञानाचा तास

१९६७ च्या जानेवारीत पुण्यात शाळेची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण सातारा-सांगलीकडच्या हायस्कुलांत पृथ्वी आणि आकाश कसं शिकवलं गेलं याचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात याच सालापासून करावी लागते. एका बाजूने पुस्तक शिकवत होतं, दुसऱ्या बाजूने जमीन. दोघांची गाठ पडायला फार वेळ लागला. काही बाबतींत तर ती अजून पडलेली नाही.

अमेरिकेतल्या हायस्कुलात पृथ्वी आणि अवकाश यांचा मिळून एक विषय असतो. खडकापासून दीर्घिकेपर्यंत सगळं एकच शिक्षक वर्षभर शिकवतो. आपल्याकडे या विषयाची वाटणी झाली. खडक, भूकंप, पाऊस भूगोलाच्या वाट्याला गेले. गुरुत्वाकर्षण, तारे, उपग्रह विज्ञानाच्या. भूगोलाचे सर वेगळे, विज्ञानाच्या बाई वेगळ्या, आणि दोन तासांच्या मध्ये मधली सुट्टी. जोडणी करायची ती मुलाने, जमली तर.

कोयनेच्या भूकंपाआधी शाळेत सांगितलं जाई की दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, जुना भूभाग. भूकंप व्हायचे ते हिमालयाकडे. त्या पहाटेने हे विधान निकालात काढलं. ६.३ तीव्रतेच्या धक्क्याने सुमारे १८० माणसं दगावली, १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणालाही भेगा पडल्या आणि हादरा पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. पुढे देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाच बदलावा लागला. पाटण खोऱ्यातल्या मुलांना मात्र नकाशाची गरज नव्हती. ‘धक्का बसला’ हे तिथलं रोजचं बोलणं झालं. ताटं वाजली की घराबाहेर पळायचं, हे त्यांना धडा येण्याआधीच पाठ होतं.

त्या मुलांचा खरा प्रश्न वेगळा होता : धरणामुळे भूकंप झाला का? वर्षानुवर्षं या प्रश्नावर वर्गात सारवासारव झाली. उत्तर खरं तर नववीच्या मुलाला समजेल असं आहे. खडकातल्या जुन्या भ्रंशांवर ताण आधीच साठलेला असतो. जलाशयाचं पाणी फटींतून खोल झिरपलं की तिथला दाब वाढतो, भ्रंशाच्या दोन बाजूंमधलं घर्षण कमी होतं आणि जे पुढेमागे सरकणारच होतं ते लवकर सरकतं. धरण भूकंप निर्माण करत नाही, त्याला निमित्त होतं. कोयनेचा शिवसागर जलाशय १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला आणि लवकरच लहान धक्के सुरू झाले. पुढे शिराळा तालुक्यातलं चांदोलीचं धरण भरल्यावर, १९९३ नंतर, धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला वारणेकडेही सरकला. कारण आणि परिणाम इतके शेजारी-शेजारी दाखवणारी जागा जगात विरळा. म्हणूनच देशोदेशीचे शास्त्रज्ञ कोयनेला येत राहिले. इथल्या शाळांच्या सहली मात्र धरणाची भिंत आणि नेहरू उद्यान बघून परतत.

२०१७ साली याच भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयनेजवळ गोठणे इथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आलं. वरच्या साधारण साडेबाराशे मीटरमध्ये बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक. मध्ये गाळाचा थरच नाही. या कामासाठी कराडला केंद्र सरकारची भूभौतिकी संशोधनाची प्रयोगशाळाही आहे. आठवीच्या भूगोलात ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा धडा आहे. त्यात कवच, प्रावरण, गाभा सगळं आहे आणि आकृतीही चांगली आहे. पण मुलाच्या मनात ती आकृती कुठल्यातरी दुसऱ्याच पृथ्वीची असते. आपल्याच जिल्ह्यात कवचाच्या तीन किलोमीटरपर्यंत हात घातला गेलाय, हे त्याला कुणी सांगितलं तरच कळतं.

तसं शेतकऱ्याच्या पोराला जमिनीचे थर नवे नसतात. विहीर खोदताना माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग कातळ, हा क्रम त्याने पाहिलेला असतो. खाणीवर काम करणाऱ्याच्या मुलीच्या खिशात गारगोट्या असतात. एकेक लाव्हाप्रवाह साचून, थंड होऊन, त्याच्या माथ्याची झीज होऊन मग दुसरा आला, हे सांगायला याहून चांगलं साहित्य कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार? शिवाय सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या प्रवाहांच्या गटांना भूशास्त्रज्ञांनी दिलेली नावं आपल्याच गावांची आहेत : वाई, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. डायनासोर कसे नष्ट झाले यावर कुठेही वाद रंगला की ही नावं येतात. वाईच्या शाळेतल्या मुलाला हे ठाऊक असायला हवं. केवळ अभिमानापोटी म्हणत असलो तरी चालेल.

पावसाच्या बाबतीत पुस्तक आणि परिसर यांचं त्यामानाने बरं जुळलं. नववीच्या ‘वृष्टी’च्या धड्यातला प्रतिरोध पाऊस आणि पर्जन्यछाया समजायला सातारा जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, तर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगलीत तोच उतार शिराळ्याकडून आटपाडी-जतकडे जातो. दुष्काळात चारा छावण्या पाहिलेल्या, माणमधल्याच म्हसवडच्या मुलाला पर्जन्यछायेची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

नक्षत्रांचं मात्र त्रांगडंच आहे. मृगाचा पाऊस, हस्ताचा पाऊस, यंदा नक्षत्राचं वाहन कोणतं, हे घरी सतत कानावर पडतं. विज्ञानाच्या पुस्तकात ‘तारकांच्या दुनियेत’ या धड्यात मृग भेटतो तो हिवाळ्याच्या आकाशात. मग जूनमध्ये मृग लागतो म्हणजे काय? तेव्हा सूर्य आकाशाच्या त्याच भागात असतो, म्हणून ते नक्षत्र रात्री दिसतच नाही. आजोबांचं पंचांग आणि बाईंचा तारकानकाशा एकाच आकाशाबद्दल बोलतात, हे समजायला एवढं पुरेसं आहे. तरीही हे सांगणारा शिक्षक भेटणं नशिबाचा भाग राहिला.

ग्रहणांनी मात्र या साठ वर्षांतला बदल ठसठशीत दाखवला. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण कारवार-हुबळी-रायचूरच्या पट्ट्यातून गेलं, म्हणजे सांगलीहून काही तासांच्या अंतरावरून. त्या दुपारी रस्ते ओस पडले होते आणि घराघरांत खिडक्यांना पडदे होते. पुढे १९८९ नंतर डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यातून चाललेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाने ग्रहणाचा विषय शाळाशाळांत नेला. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी तर ग्रहणाचे चष्मे लावून मुलं शाळेच्या मैदानात उभी होती. (जाता जाता : २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने विजयदुर्गहून आणि पुण्याच्या नेगमवालांनी जेऊरहून पाहिलं. या दोन गावांना जोडणारी रेषा नकाशावर ओढा, ती कराडच्या परिसरातून जाते.) शून्य सावलीचा दिवस मात्र इथल्या शाळांना पावत नाही. सांगली-साताऱ्यात तो मे महिन्यात येतो तेव्हा सुट्टी असते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला येतो तेव्हा ढग.

नव्या अभ्यासक्रमाची दहावीची पुस्तकं २०१८ ला आली. विज्ञानाच्या पहिल्या भागाची सुरुवात गुरुत्वाकर्षणाने आणि शेवट ‘अवकाश मोहिमा’ने, दुसऱ्या भागाच्या शेवटी ‘आपत्ती व्यवस्थापन’. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. ज्या वर्गांत तो धडा शिकवायचा, त्यातल्या कित्येक वर्गांत पूरग्रस्तांची अंथरुणं पडली. कोयनेचा विसर्ग किती, हरिपूरला वारणा मिळते तिथे पाणी का तुंबतं, नदीचा उतार इथे एवढा कमी का, अलमट्टी धरणाचा संबंध कितपत, यावर आठवी-नववीतली मुलंही मोठ्यांबरोबर वाद घालत होती. परीक्षेत यातलं काही आलं नाही. प्रश्न ‘आपत्तीचे प्रकार लिहा’ असाच राहिला.

यंदा नववीत जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी? नववीत भूगोलात अंतर्गत हालचाली आणि बाह्यप्रक्रिया, विज्ञानात शेवटी दुर्बिणी. दहावीत मुक्तिवेगाची गणितं, उपग्रहांच्या कक्षा आणि प्रक्षेपक. दहावीचा भूगोल मात्र भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेचा आहे, म्हणजे शालान्त परीक्षेच्या वर्षी भूगोलातून भूकंप आणि लाव्हा बाहेर. चांद्रयान-३ ची पुण्याई मोठी. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ते चंद्रावर उतरताना ज्यांनी पाहिलं, ती मुलं अवकाशाचा धडा आवडीने वाचतात. खडकाच्या नशिबी असं थेट प्रक्षेपण नाही. अकरावीला भूशास्त्र घेता येतं, पण ते शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालयं मोजकीच.

सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरच्या लाव्हा थरांचा समावेश युनेस्कोच्या भारतीय संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. पाचगणीला शाळांच्या सहली जातातच; टेबललँडवर घोडा, खाली स्ट्रॉबेरी, आणि परत. त्यात भर एवढीच घालायची की पसरणीचा घाट चढताना समोरच्या डोंगराच्या पायऱ्या मुलांना मोजायला लावायच्या. एकेक पायरी म्हणजे साधारणपणे एकेक प्रवाह किंवा त्यांचा गट. त्यासाठी वेगळा वेळही काढावा लागणार नाही. त्या वळणांवर दोन-चार मुलांना मळमळतंच, आणि गाडी थांबवावी लागते.