खोक्यावरचं ‘फोर के’ आणि खिशातले हजार रुपये

संगमनेरात मोबाईलच्या दुकानात ‘कॅप्चर कार्ड’ मागितलं, तर काउंटरवर बहुधा मेमरी कार्ड येतं. दुकानदाराचा त्यात दोष नाही. टीव्हीवर खेळलेल्या गेमचा व्हिडिओ बनवणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे रोज थोडंच येतं? मग पोरं ऑनलाइन शोधू लागतात. तिथे हजाराच्या आतल्या डबीपासून वीस हजारांपर्यंतचा माल दिसतो, जवळपास प्रत्येक खोक्यावर ‘फोर के’ छापलेलं असतं, आणि घरात विषय निघाला की वडील विचारतात, ‘आधी प्लेस्टेशन घेऊन दिलं, आता त्याचा व्हिडिओ काढायला परत पैसे?’

वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. कारण हातात प्लेस्टेशन ४ असेल, सेकंडहँड का असेना, तर सुरुवात करायला एक रुपयाही लागत नाही.

हा कन्सोल नोव्हेंबर २०१३मध्ये बाजारात आला तेव्हापासून त्याच्या कंट्रोलरवर ‘शेअर’ नावाचं बटण आहे. तुम्ही खेळत असता तेव्हा मशीन शेवटची १५ मिनिटं आपलं आपण साठवत असतं. गोल झाला, शेअर दाबलं, मग स्क्वेअर दाबलं, की घडून गेलेला खेळ जतन होतो. आधी ‘रेकॉर्ड’ म्हणायची गरज नाही. सेटिंगमध्ये जाऊन ही १५ मिनिटांची मुदत ६० मिनिटांपर्यंत वाढवता येते. शेअर दोनदा पटकन दाबलं की तिथून नवं रेकॉर्डिंग सुरू होतं. क्लिप पेनड्राइव्हवर उतरवता येते. पेनड्राइव्ह मात्र एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, कारण जुन्या फॅट-३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. कापाकापीसाठी सोनीचंच ‘शेअरफॅक्टरी’ फुकट मिळतं. म्हणजे घरात कॉम्प्युटर नसला तरी व्हिडिओ तयार होऊ शकतो.

यात खोट एकच. साधा प्लेस्टेशन ४ हे रेकॉर्डिंग ७२० पिक्सेल उंचीचं आणि सेकंदाला ३० चित्रांचं करतो. फुल एचडीच्या, म्हणजे १०८०च्या, मानाने चित्रातले ठिपके निम्म्याहूनही कमी. पण तुमचा व्हिडिओ कोण आणि कुठे बघणार आहे? एसटीत बसून, मोबाईलवर, डेटा जपत. त्या पडद्यावर ७२० आणि १०८० यांतला फरक शोधत बसणारा प्रेक्षक सुरुवातीच्या चॅनलला लाभत नाही. प्लेस्टेशन ४ प्रो १०८०मध्ये रेकॉर्ड करतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एस यांच्या बाबतीत तर बाहेरून काही जोडायचा विचारही सुरुवातीला करू नये. निन्टेन्डो स्विच फक्त मागचे ३० सेकंद जपतो, त्यामुळे तिथे बाहेरून कॅप्चर कार्डाची डबी लागतेच.

आणखी एक फुकटचा मार्ग आहे. सोनीचं ‘रिमोट प्ले’ हे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्यायचं. घरातल्या वायफायवरून प्लेस्टेशनचं चित्र लॅपटॉपवर येतं आणि ओबीएस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ते रेकॉर्ड करता येतं. हात हलला आणि चित्र हललं यांत थोडं अंतर पडतं, म्हणून टेकनसारख्या मारामारीच्या गेमला हे चालणार नाही. गोष्टीच्या गेमला चालतं. कन्सोलला वायफायऐवजी राउटरमधून केबल दिली की फरक लगेच जाणवतो.

एवढं करून महिना-दोन महिने झाले, हौस टिकली, आणि कन्सोलचं स्वतःचं रेकॉर्डिंग तोकडं वाटू लागलं, तरच डबीकडे वळावं. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली, अंगठ्याएवढी ही डबी लॉकडाऊनच्या काळात जगभर पसरली. आत बहुतेक वेळा एमएस-२१०९ नावाची एकच चिप असते. खोक्यावर ‘फोर के’ लिहिलंय ते खोटं म्हणता येत नाही, पण खरंही नाही. डबी फोर के चित्र आत घेते, बाहेर देताना मात्र ते १०८०च करून देते.

गणित साधं आहे. फुल एचडीच्या एका चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येकाला १६ बिट धरले तर सेकंदाला ३० चित्रांचे होतात जवळजवळ १००० मेगाबिट. यूएसबी २.० या जोडणीची कमाल क्षमता आहे ४८०. दोन ट्रॉल्या ऊस एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोत भरायचा म्हटल्यावर तो ठेचून कोंबावाच लागणार. डबी तेच करते: प्रत्येक चित्र जेपीईजी फोटोसारखं दाबते आणि मग पुढे पाठवते. म्हणून गडद रंगांत चौकोन दिसतात आणि लाल अक्षरांच्या कडा पसरतात. या चिपकडून १०८०ला ३० चित्रं किंवा ७२०ला ६० चित्रं, एवढीच अपेक्षा ठेवा. पळापळीच्या गेमला मी ७२० आणि ६० निवडेन, कारण डोळ्याला ठिपक्यांपेक्षा हालचालीचा गुळगुळीतपणा आधी कळतो. काही डब्यांचं यूएसबीचं तोंड आतून निळं असतं. तेवढ्यावर यूएसबी ३.० समजू नका, निळं प्लास्टिक स्वस्त मिळतं. खरी यूएसबी ३.० डबी हवी असेल तर वर्णनात एमएस-२१३० ही चिप लिहिली आहे का ते पाहा. ती थोडी महाग असते, पण १०८०ला ६० चित्रं देते.

डबी जोडली आणि पडदा काळा राहिला, की पोरं ती परत पाठवून देतात. दोष बहुतेकदा डबीचा नसतो. एचडीसीपी नावाचं एक कुलूप असतं. सिनेमांची चोरी होऊ नये म्हणून कन्सोल चित्र कुलूपबंद करून पाठवतो. प्लेस्टेशन ४च्या सेटिंगमध्ये सिस्टिम या भागात ‘एनेबल एचडीसीपी’ ही खूण काढून टाकली की गेमचं चित्र मोकळं होतं. प्लेस्टेशन ५ला तीच सोय एचडीएमआयच्या पानावर आहे. कुलूप काढलेलं असताना नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप चालत नाहीत. घरच्यांनी रात्री मालिका लावायच्या आधी खूण परत करून ठेवली, तर निम्मी भांडणं टळतील.

दुसरी अडचण अशी की डबीतून लॅपटॉपवर येणारं चित्र किंचित उशिरा पोहोचतं. लॅपटॉपकडे बघत खेळलात तर कॅच सुटणार. चित्र टीव्हीवर बघायचं आणि लॅपटॉपने फक्त नोंद ठेवायची, अशी मांडणी हवी. त्यासाठी टीव्हीकडे जाणारं वेगळं एचडीएमआय तोंड असलेली डबी घ्या, नाहीतर एकाचे दोन करणारा स्प्लिटर. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड मोबाईलला ओटीजी पिन लावून हीच डबी जोडता येते. यूएसबी कॅमेरा दाखवणारी अ‍ॅप तिला कॅमेरा समजूनच ओळखतात. सगळ्या मोबाईलवर हे जमत नाही, तेव्हा आधी मित्राच्या डबीवर करून बघा.

आता आपल्याकडची गोष्ट. खेळ रंगात आलेला असताना लाईट जाते. ओबीएस एमपीफोर फाईल बनवत असेल, तर त्या साध्या एमपीफोरची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना, अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच डेस्कटॉप बंद पडला की तासभराची फाईल असते, पण उघडत नाही. ओबीएसच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगचा प्रकार एमकेव्ही ठेवा. लाईट गेली तरी तोपर्यंतचा भाग शाबूत राहतो आणि नंतर ओबीएसमधल्याच ‘रीमक्स’ने त्याचा एमपीफोर करता येतो. ज्या गावात इन्व्हर्टरची बॅटरी हा घरखर्चातला नेहमीचा विषय आहे, तिथे ही एक सेटिंग हजार रुपयांच्या डबीपेक्षा मोलाची.

जुन्या कन्सोलवाल्यांना मात्र वेगळ्या वाटेने जावं लागतं. प्लेस्टेशन ३चं एचडीएमआय कुलूप काढायची सोयच नाही. प्लेस्टेशन २ला तर एचडीएमआयचं तोंडच नाही, पिवळी-पांढरी-लाल अशी तीन पिनांची केबल. या दोघांसाठी लागतं ते ‘ईझीकॅप’ प्रकारचं एव्हीचं यंत्र. ते विकत घेण्याआधी गावातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याला विचारा. जुन्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर आणि आता पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचं काम या मंडळींनी वर्षानुवर्षं केलं आहे. त्यांच्या कपाटात हेच यंत्र धूळ खात असण्याची शक्यता मोठी, आणि ओळखीत ते दोन दिवसांसाठी मिळूनही जाईल. वर त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकायला मिळतील, त्या वेगळ्याच. नाहीच मिळालं तर पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत विचारायला सांगा.

प्लेस्टेशन २चं आपल्याकडचं चित्र पाल या जुन्या टीव्ही पद्धतीचं असतं. ५७६ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र सम-विषम रेषांच्या दोन अर्ध्यांत येतं. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये पळणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. ओबीएसमध्ये त्या चित्रावर राइट क्लिक करून ‘डीइंटरलेसिंग’मध्ये ‘याडिफ टू एक्स’ निवडलं की दात जातात आणि हालचाल ५० चित्रांची होते. एकाच वेळी टीव्हीवरही बघायचं म्हणून एकाच्या दोन करणाऱ्या पिना लावल्या, तर चित्र थोडं अंधारतं. उजेड ओबीएसमध्ये वाढवून घ्या.

हा सगळा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. प्लेस्टेशन २साठी २००९मध्ये हैदराबादच्या स्टुडिओने बनवलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला. त्याच वर्षी ‘देसी अड्डा’ आला, त्यात विटीदांडू आणि कबड्डी होती. कबड्डीचा गेम, आणि तोही प्लेस्टेशनवर! या डिस्क आता सहसा मिळत नाहीत आणि ज्या उरल्या आहेत त्यांच्यावर बहुधा ओरखडे असतात. असली एखादी डिस्क कुणाच्या माळ्यावर असेल, तर तिचं स्वच्छ रेकॉर्डिंग हे जीटीएच्या हजाराव्या व्हिडिओपेक्षा कितीतरी कामाचं आहे. नव्यांत पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आहे. २०२०मध्ये आधी स्विचवर आणि मग प्लेस्टेशन ४वर आला. पुण्यात बनलेला हा गेम कुणी तरी मराठीत बोलत, रमतगमत खेळून दाखवायला हवा.

बोलण्याचा विषय निघाला तर सांगतो, हजार रुपये खर्च करायचेच असतील तर ते डबीवर करण्याआधी माईकवर करा. लोक अंधूक चित्र चालवून घेतात, पण पंख्याची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्यांमागून येणारा आवाज दहा सेकंदही ऐकत नाहीत. यूट्यूबवाली मराठी पोरं वापरतात तो कॉलरला लावायचा लांब तारेचा माईक हजाराच्या आत मिळतो. तो मोबाईलला लावा, बोलणं वेगळं रेकॉर्ड करा आणि नंतर चित्राला जोडा. सुरुवातीला एक टाळी वाजवून त्याच क्षणी गेमचा पॉज दाबा, म्हणजे दोन्ही जुळवताना डोकं धरावं लागणार नाही. आणि बोला ते संगमनेरी बोला. शाहीर अनंत फंदींच्या गावच्या माणसाने हिंदी-इंग्रजीची उसनी कॉमेंट्री करावी, हे काही मला पटत नाही.

चढवण्याचा हिशेबही आधी करा. यूट्यूब ७२०च्या ३० चित्रांना ५ मेगाबिट आणि १०८०च्या ३० चित्रांना ८ मेगाबिट सुचवतं. म्हणजे तासाभराचा व्हिडिओ अनुक्रमे सव्वादोन आणि ३.६ जीबीचा होतो. रोज दीड जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाईलवर यातलं काहीच बसत नाही. तोच व्हिडिओ १५ मिनिटांचा केला तर ७२०मध्ये साधारण साडेपाचशे एमबी होतो. तो मात्र सहज जातो आणि बघणाराही शेवटपर्यंत बघतो.

जीटीए खेळताना गाडीतला रेडिओ बंद ठेवा. त्यातली गाणी खऱ्या कंपन्यांची आहेत, यूट्यूबचं यंत्र ती ओळखतं आणि व्हिडिओची कमाई, किंवा व्हिडिओच, हातचा जातो. कमाईचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी हेही सांगायला हवं की जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं बघणं लागतं. शॉर्ट्सची अट वेगळी आहे. तेव्हा घरी पैसे मागताना ‘यातून वसूल होतील’ असं सांगू नका. आधी शेअर बटणावर बनवलेले चार व्हिडिओ वडिलांना दाखवा, आणि मग माईकचे मागा.