शंभर टक्के निकाल आणि नवीन सर: दहावीच्या आकड्यात काय दिसतं, काय लपतं

हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. प्रवासात हेडफोन विसरणाऱ्यांसाठी आणि "दादा, आकडे फार भरभर सांगतोस" अशी तक्रार करणाऱ्यांसाठी. बोललो ते जवळपास तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं" आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

विषय आहे दहावीचा निकाल. पण टॉपर कोण, कटऑफ किती, हे आज नाही. आज बघायचंय की शाळेचा निकाल म्हणून जो एक आकडा फ्लेक्सवर लागतो, त्यातून शाळेत शिकवणं कसं चाललंय हे खरंच कळतं का? आणि त्या आकड्यावरून नव्या शिक्षकाला चांगलं-वाईट ठरवता येतं का?

हा प्रश्न मला का पडला ते आधी सांगतो.

आमच्या गावची गोष्ट

13 मे 2025 ला दहावीचा निकाल लागला. मी पुण्यात, ऑफिसात. दुपारपासून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज सुरू झाले. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. मी ज्या शाळेत शिकलो, तिथे यंदा दहावीला 26 मुलं होती. 24 पास झाली, दोन गणितात राहिली. म्हणजे निकाल 92.31 टक्के. गेल्या वर्षी 23 पैकी 23 पास होती. शंभर टक्के! तेव्हा स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला होता.

यंदा फ्लेक्स नाही. त्याऐवजी ग्रुपवर एक वाक्य फिरत होतं, "नवीन सर आले आणि निकाल पडला."

हे नवीन सर म्हणजे गणिताचे शिक्षक. सप्टेंबर 2024 मध्ये पवित्र पोर्टलमधून आले. त्याआधी दोन वर्षं गणिताचं पद रिकामं होतं आणि पीटीचे सर गणित घ्यायचे. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. स्वतःचा विषय नसताना वर्ग सांभाळला त्यांनी. पण ते स्वतःच म्हणायचे, "मी गाईड वाचून दाखवतो रे, शिकवतो कुठं."

त्याच संध्याकाळी आत्याचा फोन. "अरे, तू इंजिनिअर ना, जरा बघ की हिचं मार्कशीट. पास झालीय, पण सगळे म्हणतायत त्या नव्या सरांनी पोरांचं वाटोळं केलं."

आतेबहिणीचे मार्क असे: मराठी 78, हिंदी 74, इंग्रजी 62, गणित 29, विज्ञान 52, सामाजिक शास्त्रं 76. टक्केवारी 68.40. तिला पॉलिटेक्निकला जायचंय. मी ते 29 बघत बसलो.

पहिली गोष्ट: भागाकारात खाली काय आहे?

आपण टक्के बघतो, पण किती मुलांपैकी ते बघत नाही. 26 मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे जवळजवळ 4 टक्के. एखाद्याला पेपरच्या आदल्या रात्री ताप आला, तरी शाळेचा निकाल शंभरवरून 96 वर येतो. 400 मुलांच्या शाळेत तेच एक मूल म्हणजे पाव टक्का.

म्हणून लहान शाळांचे आकडे उड्या मारतात. एका वर्षी 100, पुढच्या वर्षी 88, मग परत 96. राज्याच्या पातळीवर 15 लाखांहून जास्त मुलं बसतात, तिथे एक टक्का हलला तरी त्याला अर्थ असतो. 2025 ला कोकण विभाग 98.82 टक्क्यांवर होता आणि नागपूर 90.78 वर. हा फरक खरा आहे, त्याची कारणं शोधायला हवीत. पण 23 पैकी 23 आणि 26 पैकी 24 यांच्यात फरक दोन मुलांचा. त्या दोघांसाठी तो फार मोठा आहेच. पण त्यावरून शिक्षकाचा निकाल लावता येत नाही.

अजून एक. ही मुलं नववीत किती होती, तेही विचारा. काही ठिकाणी नववीतल्या कच्च्या मुलांना "तू 17 नंबरचा फॉर्म भर" असं सुचवलं जातं. म्हणजे मूल खाजगीरीत्या परीक्षेला बसतं आणि शाळेच्या नियमित निकालात मोजलं जात नाही. आकडा मस्त दिसतो. मूल मात्र एकटं पडतं.

दुसरी गोष्ट: मोजपट्टीच बदलते

आता राज्याचे आकडे ऐका. 2018 ला दहावीचा निकाल होता 89.41 टक्के. 2019 ला तो आला 77.10 वर. 2020 ला थेट 95.30.

एका वर्षात 12 टक्के खाली आणि पुढच्या वर्षी 18 टक्के वर. आता सांगा, राज्यातले सगळे शिक्षक 2019 मध्ये अचानक बिघडले आणि 2020 मध्ये सुधारले? शाळा त्याच होत्या, शिक्षकही बहुतेक तेच.

झालं असं की 2019 च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रं या विषयांचे शाळेकडून मिळणारे 20 अंतर्गत गुण बंद केले होते. पेपर सरळ 100 मार्कांचा. शिवाय दहावीची पुस्तकंही त्याच वर्षी बदललेली. निकाल कोसळला, आरडाओरडा झाला, आणि पुढच्या वर्षापासून ते 20 गुण परत आले. निकालही वर आला.

आणि सगळ्यात भारी उदाहरण 2021 चं. निकाल 99.95 टक्के. त्या वर्षी कोविडमुळे लेखी परीक्षा झालीच नव्हती! अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. म्हणजे या सगळ्या वर्षांतला सर्वात चांगला निकाल परीक्षा न झालेल्या वर्षाचा.

मी या मुलांची टिंगल करत नाहीये. त्यांनी फार वाईट वर्ष काढलं. मुद्दा एवढाच की आकडा हलला की आधी मोजपट्टी हलली का ते बघायचं, मग माणसांकडे वळायचं.

तिसरी गोष्ट: पासच्या शिक्क्याखाली काय दडतं?

आता परत आतेबहिणीच्या मार्कशीटकडे. गणितात 29 असून ती पास कशी? कारण गणित आणि विज्ञान यांची उत्तीर्णता एकत्र धरतात. दोन्ही मिळून 200 पैकी 70 हवेत आणि प्रत्येकात किमान 25. तिचे 29 अधिक 52, म्हणजे 81. पास.

मग टक्केवारी 68.40 कशी? बेस्ट ऑफ फाइव्ह. सहा विषयांपैकी सर्वात कमी मार्कांचा विषय टक्केवारीतून बाहेर जातो. तिचे पाच विषयांचे 342 मार्क, 500 पैकी. गणित धरलं असतं तर 600 पैकी 371, म्हणजे 61.83 टक्के.

या सवलती वाईट आहेत असं मी म्हणत नाही. एका विषयासाठी मुलाचं वर्ष जाऊ नये हा विचार चांगलाच आहे. पण बघा काय होतं. शाळेच्या निकालात ती "पास". तिच्या टक्केवारीत गणित नाहीच. म्हणजे दोन्ही आकड्यांमधून तिचं कच्चं गणित गायब! ते उगवणार कधी? डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, गणिताच्या पेपरात.

गेल्या वर्षीच्या त्या शंभर टक्क्यांच्या फ्लेक्सवर असे किती 29 होते? कोणी विचारलंच नाही. मीही नाही. मी तर तो फोटो स्टेटसला ठेवला होता.

नवीन सर येतात कसे?

आता दुसरी बाजू. शाळेत शिक्षक नाही म्हटलं की आपण म्हणतो, "संस्था भरत का नाही?" प्रकरण तेवढं सोपं नाही.

अनुदानित शाळेत किती पदं, हे दरवर्षी पटावरून ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. मुलं कमी झाली की पद कमी. पद मंजूर असलं तरी आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, मग पवित्र पोर्टलवर जाहिरात.

उमेदवाराच्या बाजूने बघा. माध्यमिकला शिकवायचं तर पदवी आणि बीएड. त्यावर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. 200 प्रश्न, 200 गुण, दोन तास. ही चाचणी पहिल्यांदा झाली डिसेंबर 2017 मध्ये. दुसरी थेट 2023 मध्ये. तिसरी आत्ता, मे-जून 2025 ला. त्याच्याही आधी, मे 2012 पासून राज्यात शिक्षक भरतीवर बंदी होती. म्हणजे गावोगावी पदं रिकामी दिसतात, त्यामागे एवढा मोठा खंड आहे.

खाजगी संस्था मुलाखतीसह भरती करत असेल, तर पोर्टलवरून शिफारस झालेल्या उमेदवारांची मुलाखत आणि पाठ घेऊन 30 गुणांवर निवड होते. निवड झाली की लगेच पूर्ण पगार मिळत नाही. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला मानधन महिना 18,000 रुपये. 2023 पूर्वी तर ते 8,000 होतं. माझ्या पहिल्या नोकरीत मला याहून जास्त मिळत होते, आणि माझ्या चुकीने कोणाचं वर्ष जाणार नव्हतं.

मग निकाल कोणाचा?

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पालकसभा होती. शनिवार होता, आत्यासोबत मीही गेलो. एक काका उठले आणि म्हणाले, "जुनं होतं तेच बरं होतं. शंभर टक्के तरी लागत होता."

सर काही बोलले नाहीत. सभा झाल्यावर मी त्यांना गाठलं. त्यांनी कपाटातून एक वही काढली. सप्टेंबरमध्ये आल्या आल्या त्यांनी दहावीची एक चाचणी घेतली होती. पाचवी-सहावीचं गणित. एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती? 26 पैकी 17 मुलांना आलं नव्हतं. बऱ्याच जणांनी दोन छेद पाच लिहिलं होतं. मग सरांनी रोज सकाळी आठला जादा तास सुरू केला. फेब्रुवारीत तीच चाचणी परत घेतली. न येणारी मुलं उरली सहा.

मी त्या वहीकडे बघत राहिलो. सतरावरून सहा! हा निकाल कुठल्या फ्लेक्सवर लागणार?

आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं बघा. नवीन माणूस टीममध्ये येतो, त्याच महिन्यात सर्व्हर पडतो, आणि सगळे त्याच्याकडे बघतात. नंतर कळतं की बग तीन वर्षं जुना होता. नव्या माणसाने फक्त तो उघड्यावर आणला.

दहावीची मुलं पाचवीपासून जे शिकली, किंवा शिकली नाहीत, ते सगळं त्या एका पेपरात उतरतं. सप्टेंबरमध्ये आलेल्या शिक्षकाच्या हातात पाचच महिने होते. त्यांचं काम खरं दिसेल तीन-चार वर्षांनी, आत्ता सातवी-आठवीत असलेली पोरं दहावीला जातील तेव्हा. तोवर सर टिकले पाहिजेत.

तुमच्या शाळेचा निकाल बघताना

तर पुढच्या वेळी फ्लेक्स दिसला की एवढं विचारा. किती मुलांपैकी? नववीत किती होती? गणित, विज्ञान आणि इंग्रजीत 40 च्या खाली किती? कोणत्या विषयाचं पद किती वर्षं रिकामं होतं? आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. एका वर्षावर काही ठरवू नका.

नवीन शिक्षक आले असतील, तर ते येण्याआधी मुलं कुठे होती आणि आता कुठे आहेत, हे विचारा. बहुतेकांकडे अशी वही असते. आपण मागत नाही.

आणि ज्यांचे एक-दोन विषय राहिलेत त्यांच्यासाठी: जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो. वर्ष वाया जात नाही. आमच्या गावची ती दोन मुलं रोज सकाळी आठला शाळेत जातायत. सर तास घेतायत. त्यांच्यासोबत तिसरी एक मुलगी बसते, जी खरं तर पास झालीय. माझी आतेबहीण. डिप्लोमाआधी अपूर्णांक पक्के करते म्हणाली.

आत्याने परवा ग्रुपवर त्या वहीच्या पानाचा फोटो टाकला, सरांना विचारून. खाली काकांनी अंगठा दिलाय. एवढंच, पण दिलाय.

तुमच्या शाळेत कोणत्या विषयाचे शिक्षक नव्हते, आणि त्याची किंमत तुम्हाला कधी कळली? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू!