मानवी हक्क शिकायला परदेशात कशासाठी जायचे?

परदेशात जाऊन मानवी हक्क आणि संस्कृती शिकायची म्हटले की काही समजुती आधीच तयार असतात. हा विषय वकील होणाऱ्यांचा, तो शिकायची जागा जिनिव्हा किंवा हेग, आणि ‘संस्कृती’ म्हणजे खाद्यपदार्थ व नाचगाणे. अर्जेंटिनाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास यांतली एकही समजूत टिकू देत नाही. २४ मार्च १९७६ रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली आणि १९८३ पर्यंत हजारो माणसे उचलून नेऊन नाहीशी केली. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगाने ८,९६१ बेपत्ता व्यक्तींची नोंद केली; मानवी हक्क संघटना ३० हजारांचा आकडा सांगतात. निनावी कबरी सुरुवातीला बुलडोझर आणि फावड्यांनी उकरल्या गेल्या, हाडे एकमेकांत मिसळली, पुरावाच नष्ट होऊ लागला. १९८४ मध्ये अमेरिकेतले न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो ब्युनोस आयरेसला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर कबरीत उतरले ते मानवशास्त्र, पुरातत्त्व आणि वैद्यक शिकणारे तरुण विद्यार्थी. मातीचा थर नोंदवत खणायचे, घरच्यांना भेटून दातांची, जुन्या अस्थिभंगांची माहिती घ्यायची, मग सांगाड्याला नाव द्यायचे, ही पद्धत त्यांनी बसवली. त्यांच्याच पथकाने १९९२ मध्ये एल साल्वादोरच्या एल मोसोते गावात शंभराहून अधिक मुलांचे सांगाडे बाहेर काढले आणि तिथे हत्याकांड झालेच नाही, हा दावा कोसळला. कायदा लागतोच, पण न्यायाधीशापुढे ठेवायचा पुरावा आधी कोणीतरी शोधावा लागतो.

मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना, ती इतर संस्कृतींवर लादली जाते, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा तयार होत असताना, १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच अशी शंका अधिकृतपणे मांडली होती. त्या शंकेत तथ्य होते. जगाच्या मोठ्या भागावर तेव्हा वसाहतींचे राज्य होते. पण प्रत्येक संस्कृती एका सुरात बोलते, असे त्यात गृहीत धरले जाते, आणि ते चूक आहे. अर्जेंटिनाचे लष्करशहा पाश्चात्त्य, ख्रिस्ती मूल्यांचे रक्षण करत असल्याचे सांगत होते. त्याच ख्रिस्ती समाजातल्या, मुले बेपत्ता झालेल्या आया ३० एप्रिल १९७७ रोजी प्लासा दे मायो चौकात जमल्या. घोळक्याने उभे राहायला पोलिसांची मनाई होती, म्हणून त्या जोडीजोडीने फेऱ्या मारू लागल्या. त्याच वर्षी लुहानच्या यात्रेत एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी बाळाच्या दुपट्याचे पांढरे कापड डोक्याला बांधले. यात्रा, मातृत्व, चौक हे सगळे त्या संस्कृतीतलेच होते, आणि तिच्याच जोरावर त्यांनी सत्तेला जाब विचारला. तुरुंगात जन्मलेली आणि परक्यांच्या घरी वाढवलेली नातवंडे शोधणाऱ्या आज्यांनी तर शास्त्रज्ञांना कामाला लावले; आजी-आजोबांच्या रक्तावरून नाते सिद्ध करण्याची पद्धत त्यातून आली, आणि सव्वाशेहून अधिक जणांची खरी ओळख आजवर पटली आहे. संस्कृती वगळून हा लढा समजूच शकत नाही. त्या अमेरिकी संघटनेनेही १९९९ मध्ये भूमिका बदलून मानवी हक्कांची बाजू घेतली.

असा अन्याय आपल्याकडे कमी आहे का, मग इतक्या दूर कशाला, असेही विचारले जाते. आपल्याकडे नक्कीच कमी नाही. पण रोजच्या पाहण्यातला अन्याय रूढी म्हणून अंगवळणी पडतो, आणि तुलनेशिवाय त्याची रचना नीट दिसत नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात. जातीबाहेर लग्न न करण्याचे बंधन हेच जातिव्यवस्थेचे मूळ, ही मांडणी त्यांनी तिथे विवाहपद्धतींच्या मानवशास्त्रीय चर्चेच्या आधाराने केली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते.

अडचणी खऱ्या आहेत. प्रवास महाग आहे, आणि स्पॅनिश न शिकता ब्युनोस आयरेसला गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त संग्रहालये येतात. खटल्यांतल्या साक्षी आणि आयांची भाषणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून भाषेचे एक वर्ष आधी घरीच खर्च करावे.