उतारवयात स्टेरॉइड घेताना

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन ही औषधे त्याच धाटणीची. दंड फुगवण्यासाठी घेतात ती स्टेरॉइड निराळी. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कौतुक सरेपर्यंत दुष्परिणामही दिसू लागले होते.

तरीही म्हातारपणी स्टेरॉइड टाळायचेच, हा हट्ट चुकीचा आहे. कानशिलाजवळच्या धमनीला सूज येण्याचा एक आजार पन्नाशीनंतरच होतो. त्यात स्टेरॉइड वेळेवर सुरू झाले नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते. दम्याचा किंवा सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा जोर वाढला की पाच दिवसांचा छोटा कोर्स रुग्णाला सावरतो. कोविडच्या साथीत ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने २०२० मध्ये दाखवले, की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. तरी ते सरसकट दिले गेले. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाचे जे रुग्ण आले, त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता आणि अनेकांना स्टेरॉइड मिळालेले होते.

मधुमेह्यांच्या बाबतीत एक चकवा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा जोर दुपार ते रात्र असतो. त्यामुळे उपाशीपोटीची साखर ११० आणि संध्याकाळची २८० असे होऊ शकते. फक्त सकाळची तपासणी करणारा रुग्ण ‘साखर ताब्यात आहे’ म्हणून निर्धास्त राहतो. गोळी चालू असेपर्यंत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटरवर बोट टोचून पाहावे. मधुमेहाच्या औषधाचा डोस त्यानुसार डॉक्टर बदलतात, आणि स्टेरॉइड कमी होत गेले की तोही खाली आणावा लागतो. नाहीतर साखर एकदम उतरते.

स्टेरॉइडमुळे शरीरात मीठ व पाणी साठते आणि पोटॅशियम बाहेर पडते. रक्तदाब चढतो, पायांना सूज येते. हृदय आधीच कमजोर असेल तर धाप लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम आणखी घटते, आणि जोडीला डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. पोटाचे दुखणे बहुधा जोडगोळीतून उद्भवते: स्टेरॉइड चालू असताना गुडघेदुखीसाठी घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन जठरातून रक्तस्राव घडवू शकते. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर पिकतो, दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

हाडांचे नुकसान मुकाट्याने होते. मणका दबण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच वाढतो. म्हणून रोज २.५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे हाडे टिकवणारे औषध यांचा विचार सुरुवातीलाच व्हायला हवा. मांड्यांचे स्नायूही अशक्त होतात. जमिनीवरून उठताना दर वेळी हात टेकावा लागणे हे वयामुळेच असते असे नाही. झोप उडणे, चिडचिड, भ्रम हेही या औषधाने होते. गोळी सकाळी न्याहारीनंतर घेण्याची पद्धत त्यासाठीही आहे.

आपल्याकडे क्षयरोगाचा जंतू असंख्य लोकांच्या शरीरात सुप्त असतो. दीर्घकाळच्या स्टेरॉइडने तो जागा होऊ शकतो, शिवाय औषधामुळे ताप दबतो आणि संसर्ग लपतो. क्षयावरचे रिफाम्पिसिन आणखी पेच घालते. त्याने प्रेडनिसोलोनचा परिणाम घटतो.

इनहेलरमधून रक्तात फारच कमी औषध जाते. त्याची भीती बाळगून पंप सोडणे अधिक महागात पडते, फक्त नंतर चूळ भरावी. खरी भीती सांधेदुखीच्या बेनाव पुड्यांची. त्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे वारंवार आढळले आहे. दोन दिवसांत भूक लागली, दुखणे पळाले, अंगात हुशारी आली, तर संशय घ्यावा.

तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ गोळ्या घेतल्यावर स्वतःच्या ग्रंथी सुस्तावतात. मग ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी एकदम बंद केली, तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, प्रसंगी जीवही जातो. डोस पायरीपायरीनेच उतरवावा लागतो. ताप, शस्त्रक्रिया किंवा अपघातात तो उलट वाढवावा लागतो. गेल्या वर्षभरात स्टेरॉइड घेतले असल्यास भूल देणाऱ्यांना, दंतवैद्यांना ते आवर्जून सांगावे. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट पाहू नये. अशा वेळी इंजेक्शन लागते, त्यासाठी लगेच रुग्णालय गाठावे.